कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी रॅम तपासा

तळवडे : गाडी भरून गेटवर उभी आहे, ड्रायव्हर चलनाची वाट बघतोय आणि ऑफिसातला कॉम्प्युटर सकाळपासून तिसऱ्यांदा निळी स्क्रीन दाखवून आपोआप रिस्टार्ट होतोय. तळवडे, रुपीनगर, ज्योतिबानगर, चिखली या भागात जॉबवर्क करणाऱ्या छोट्या वर्कशॉपना हा प्रसंग नवा नाही. माल तयार असतो, पण चलन आणि ई-वे बिल निघत नाही तोवर गाडी हलत नाही. महिन्याच्या ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला ३बी भरायचा असतो, नेमका तेव्हाच कॉम्प्युटर दगा देतो.

अशा वेळी ठरलेला उपाय म्हणजे ‘फॉरमॅट मारून घ्या’. फॉरमॅट होतो, दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होते. मग हार्डडिस्क बदलून एसएसडी बसते, मग एसएमपीएस बदलतो, शेवटी ‘मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या’ असे सांगितले जाते. पैसे जातात, दिवस जातात आणि कधी कधी दोष मात्र एका वीतभर पट्टीतच राहतो. ती पट्टी म्हणजे रॅम, म्हणजेच कॉम्प्युटरची मेमरी.

रॅम तपासायला पैसे लागत नाहीत. लागतो एक पेनड्राइव्ह, एक स्क्रू-ड्रायव्हर आणि एक रात्र. तळवड्यातल्या वर्कशॉपइतकीच ही माहिती खेड, मावळ, जुन्नर, आंबेगावमधल्या सेवा केंद्रांना, पतसंस्थांना, दूध संस्थांना आणि शाळेच्या कॉम्प्युटर लॅबलाही उपयोगाची आहे.

रॅम म्हणजे नेमके काय?

हार्डडिस्क किंवा एसएसडी हे कपाट समजा आणि रॅम हे कामाचे टेबल. फाइल उघडली की ती कपाटातून टेबलावर येते. काम टेबलावर चालते आणि सेव्ह केले की कागद परत कपाटात जातो. लाइट गेली की टेबल रिकामे होते, कपाटातले मात्र तसेच राहते.

या टेबलाची रचना फार नाजूक आहे. रॅमच्या प्रत्येक घरात एक ट्रान्झिस्टर आणि विजेचा अगदी थोडा भार धरून ठेवणारा एक कपॅसिटर असतो. भार असला तर १, नसला तर ०. हा भार गळत राहतो, म्हणून साधारण दर ६४ मिलिसेकंदांत प्रत्येक घर पुन्हा भरावे लागते. ८ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे ६,८७२ कोटी घरे असतात. त्यातले एखादे जरी कमकुवत झाले, तरी तिथे ठेवलेला १ वाचताना ० होऊन येऊ शकतो.

आता हा चुकलेला आकडा कुठे पडला, त्यावर पुढचे सगळे अवलंबून असते. तो रिकाम्या जागेत असेल तर काहीच कळत नाही. विंडोजच्या स्वतःच्या कामात आला तर निळी स्क्रीन येते. ब्राउझरच्या वाट्याला आला तर ब्राउझर बंद पडतो. आणि तो हिशेबाच्या आकड्यात पडला तर कॉम्प्युटर बंद पडत नाही, चुकीचा आकडा निमूट सेव्ह करतो.

बंद पडण्यापेक्षा मोठा धोका

हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट. एखादी रक्कम साध्या पूर्णांकाच्या रूपात साठवली असेल आणि तिच्यातला एकच बिट उलटला, तर १२,५०० चे ८,४०४ होऊ शकतात. फरक बरोबर ४,०९६ चा, कारण कॉम्प्युटरच्या द्विमान पद्धतीत त्या एका घराची किंमत तेवढी असते.

ही केवळ पुस्तकी शक्यता नाही. बेल्जियममध्ये १८ मे २००३ रोजी झालेल्या निवडणुकीत ब्रुसेल्सजवळच्या स्खारबेक भागात एका उमेदवाराला मिळू शकतील त्याहून जास्त मते दिसली. फेरमोजणीत जादा मते निघाली बरोबर ४,०९६. तपासणीत प्रोग्रॅममध्ये दोष सापडला नाही. मेमरीतला एक बिट आपोआप उलटला असावा, असे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. तिथे आकडा अशक्य होता म्हणून चूक पकडली गेली. वर्कशॉपच्या वहीखात्यात असा आकडा शक्य कोटीतला असेल तर तो महिनोन्‌महिने तसाच राहील.

कॅनडातील टोरांटो विद्यापीठ आणि गुगल यांनी २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. गुगलच्या हजारो सर्व्हरची अडीच वर्षांची नोंद त्यात तपासली होती. वर्षभरात सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये मेमरीची निदान एक तरी चूक नोंदली गेली. वर्कशॉपवाल्यांनी त्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ज्या पट्टीत एकदा चूक झाली, तिच्यात पुन्हा चूक होण्याची शक्यता खूप वाढते. आणि बऱ्याचशा चुका योगायोगाने होत नाहीत, त्या पट्टीतल्या कायमच्या दोषामुळे होतात. म्हणजे ‘एकदाच झालं, होईल नीट’ असे म्हणून सोडून देण्यात अर्थ नाही.

मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची रॅम असते. ६४ बिट माहितीसोबत ८ जादा बिट ठेवून ती एका बिटची चूक जागच्या जागी दुरुस्त करते आणि नोंदही ठेवते. आयटी कंपन्यांचे सर्व्हर सहसा असेच असतात. पण त्याच तळवड्यात, आयटी पार्कपासून थोड्या अंतरावर, वर्कशॉपच्या टेबलावर असलेल्या साध्या कॉम्प्युटरला ही सोय नसते. त्याची चूक त्याला स्वतःला कळत नाही. ती माणसालाच ओळखावी लागते.

दोष रॅमचाच, हे कसे ओळखायचे?

रॅमच्या दोषाची मुख्य खूण अशी, की प्रत्येक वेळी तक्रार वेगळी असते. आज टॅली बंद पडते, उद्या ब्राउझर, परवा नुसता डेस्कटॉप उघडा असताना निळी स्क्रीन. स्क्रीनवरचा संदेशही बदलत राहतो. कधी ‘मेमरी मॅनेजमेंट’, कधी ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’, कधी ‘आयआरक्यूएल नॉट लेस ऑर ईक्वल’. यातला एखादा संदेश खराब ड्रायव्हरमुळेही येऊ शकतो. पण दर वेळी वेगळा संदेश येत असेल तर पहिला संशय रॅमवर घ्यावा.

आणखी काही खुणा :

- विंडोज किंवा एखादे सॉफ्टवेअर टाकताना एकदा ३० टक्क्यांवर, एकदा ७० टक्क्यांवर अडकते.
- झिप फाइल उघडताना ‘फाइल खराब आहे’ असे येते, पण तीच फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर नीट उघडते.
- चालू करताना स्क्रीन काळीच राहते आणि कॅबिनेटमधून बीप-बीप आवाज येतो. बीपचा अर्थ मदरबोर्डनुसार बदलतो, पण सारखे येणारे लांब बीप बऱ्याचदा रॅमसाठी असतात.
- नवी रॅम टाकल्यावर किंवा मशीन एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर हलवल्यावर त्रास सुरू झाला.
- ८ जीबी बसवली आहे, पण विंडोज ४ जीबीच दाखवते.

उलट, काही लक्षणे दुसरीकडे बोट दाखवतात. नेहमी एकच सॉफ्टवेअर बंद पडत असेल तर दोष त्या सॉफ्टवेअरमध्ये असू शकतो. संदेश न येता, बटण दाबल्यासारखे मशीन खटकन बंद होत असेल तर एसएमपीएस, वीज किंवा तापलेला प्रोसेसर बघावा. फाइल उघडायला मिनिटे लागत असतील, हार्डडिस्क टकटक करत असेल तर डिस्क बघावी.

त्यासाठी पहिले काम एकच : वही घ्या. बंद कधी पडला, काय चालू होते, स्क्रीनवर काय लिहिले होते, ते लिहून ठेवा. संदेश वाचायला वेळ मिळत नसेल तर मोबाइलने फोटो काढा. विंडोजमध्ये शोधाच्या जागी ‘रिलायबिलिटी हिस्ट्री’ असे टाइप केले तर कोणत्या दिवशी काय बंद पडले त्याची तारीखवार यादी दिसते. चार-पाच दिवसांची ही नोंद मेकॅनिकला दाखवली, तर अंदाजाने पार्ट बदलण्याची वेळ येत नाही.

आधी डेटा वाचवा, तोही जपून

रॅमवर संशय आला की त्या मशीनवर महत्त्वाच्या नोंदी करणे थांबवा. बॅकअप घ्यायचा, पण जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप चढवायचा नाही. मशीनच चुकीचे लिहीत असेल तर नवा बॅकअपही खराब निघू शकतो आणि चांगली असलेली जुनी प्रत हातची जाते. म्हणून वेगळ्या पेनड्राइव्हवर, तारीख टाकून, वेगळी प्रत ठेवा.

सगळ्यात सुरक्षित मार्ग म्हणजे हार्डडिस्क किंवा एसएसडी काढून दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरला जोडून डेटा काढणे. जवळच्या दुकानात हे काम सहज होते.

तोपर्यंत काही गोष्टी करू नका. फॉरमॅट मारू नका, बायोस अपडेट करू नका, डिस्क दुरुस्त करणारे चेकडिस्क चालवू नका. खराब रॅमवर चालणारी ‘दुरुस्ती’ चांगल्या फाइलही बिघडवू शकते. आधी रॅम तपासा, बाकी नंतर.

पहिली पायरी : साफसफाई आणि नीट बसवणे

तळवडे-चिखली भागात ग्राइंडिंग, लेथ, प्रेस, पावडर कोटिंगची कामे चालतात. ऑफिस आणि शॉपफ्लोअरमध्ये अनेक ठिकाणी एकच पार्टिशन असते. लोखंडाची बारीक धूळ, तेलाची वाफ आणि पावसाळ्यातली ओल हे सगळे कॅबिनेटमध्ये जाऊन बसते. रॅमच्या सोनेरी दातांवर थर बसला की संपर्क तुटक होतो. अशा वेळी पट्टी चांगली असते, फक्त नीट बसलेली नसते. लोखंडाची धूळ तर वीजवाहक असते, तिने शॉर्टही होऊ शकते.

हे करा :

१. कॉम्प्युटर शटडाउन करा, मागची वायर काढा. मग पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे आतली उरलेली वीज निघून जाते. लॅपटॉप असेल तर बॅटरीही काढा किंवा तिचे कनेक्शन सोडवा.

२. कॅबिनेट उघडा. आतल्या कोऱ्या लोखंडी भागाला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. सिंथेटिक कपडे आणि गालिचा टाळलेला बरा.

३. धूळ मऊ ब्रशने आणि ब्लोअरने काढा. कंप्रेसरची हवा थेट मारू नका. तिच्यात पाणी आणि तेल असते, दाबही जास्त असतो.

४. स्लॉटच्या कडेच्या चिमट्या बाहेर ढकला आणि पट्टी सरळ वर काढा. कडेला धरा, चिप आणि सोनेरी दातांना बोट लावू नका.

५. दात स्वच्छ, कोरड्या कपड्याने पुसा. थर जास्त असेल तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे आयसोप्रोपिल अल्कोहोल कपड्यावर घेऊन पुसा आणि पूर्ण वाळू द्या. मेकॅनिक खोडरबर वापरतात. वापरायचाच तर मऊ पांढरा, हलक्या हाताने, आणि त्याचा चुरा पूर्ण झटकून. पॉलिश पेपर कधीही वापरू नका, सोन्याचा पातळ मुलामा निघून जातो.

६. पट्टीची खाच स्लॉटच्या खाचेशी जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. चिमटी ‘टक’ करून बसली पाहिजे. बसत नसेल तर जोर करू नका, पट्टी उलटी असेल किंवा वेगळ्या प्रकारची असेल.

काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डलाच सोल्डर केलेली असते. ती काढता येत नाही. तिथे थेट तपासणीच्या पायरीवर जा.

दुसरी पायरी : रात्रभराची तपासणी

साफसफाईनंतर त्रास थांबला तरी तपासणी करून घ्या. दोन मार्ग आहेत.

पहिला, विंडोजमध्येच असलेला. शोधाच्या जागी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ टाइप करा आणि आता रिस्टार्ट करण्याचा पर्याय निवडा. मशीन बंद होऊन निळ्या पडद्यावर तपासणी सुरू होते. तेव्हा एफ-१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ प्रकार निवडला तर तपासणी कसून होते, वेळ मात्र जास्त लागतो. विंडोज परत सुरू झाल्यावर निकाल कोपऱ्यात दिसतो. दिसला नाही तर ‘इव्हेंट व्ह्यूअर’मधल्या सिस्टिम नोंदींत ‘मेमरी-डायग्नोस्टिक्स’ नावाने सापडतो. यात दोष निघाला तर तो खरा समजावा. पण ‘काही सापडले नाही’ असे आले तरी रॅम ठीक आहे, हे त्यावरून सिद्ध होत नाही. कधीतरीच डोके वर काढणारा दोष यातून निसटतो.

दुसरा मार्ग जास्त खात्रीचा, ‘मेमटेस्ट८६ प्लस’. हे मोफत आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. त्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून उतरवून पेनड्राइव्हवर टाकायचे. पेनड्राइव्हवरचे सगळे पुसले जाते, म्हणून रिकामाच घ्या. हा पेनड्राइव्ह संशय असलेल्या मशीनवर बनवू नका, दुसऱ्या चांगल्या मशीनवर बनवा. मग त्यावरून कॉम्प्युटर सुरू केला की विंडोज न उघडता तपासणी आपोआप सुरू होते.

नव्या मशीनवर त्यासाठी ‘सिक्युअर बूट’ तात्पुरते बंद करावे लागू शकते. त्याआधी एक काळजी घ्या. डिस्कला बिटलॉकर लावलेले असेल तर हा बदल केल्यावर विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकते. ती की आधी लिहून ठेवा, नाहीतर स्वतःच्याच डेटाबाहेर राहण्याची वेळ येईल.

तपासणी निदान एक पूर्ण फेरी तरी होऊ द्या. शक्य असेल तर चार फेऱ्या किंवा रात्रभर चालवा. या भागात गुरुवारी औद्योगिक सुट्टी असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी काम संपल्यावर टेस्ट लावणे सोयीचे. निकाल गुरुवारी सकाळी लवकर बघा, कारण देखभालीसाठीचा वीजबंदही बऱ्याचदा गुरुवारीच असतो.

निकालाचा नियम सोपा आहे : चुका शून्य म्हणजे शून्य. लाल अक्षरात एक चूक दिसली तरी मेमरीची बाजू नापास. ‘एवढ्या कोटी घरांत एकच तर आहे’ हा हिशेब इथे लागू होत नाही. वर पाहिलेले ४,०९६ एकाच घराने केले असावेत.

तिसरी पायरी : दोषी कोण, पट्टी की स्लॉट?

तपासणीत चूक दिसली म्हणून लगेच नवी रॅम आणायला धावू नका. चूक पट्टीची असू शकते, स्लॉटची असू शकते किंवा वेगाच्या सेटिंगचीही असू शकते.

आधी सेटिंग बघा. बायोसमध्ये ‘एक्सएमपी’ किंवा ‘एक्सपो’ चालू असेल तर ते बंद करा आणि सगळे ‘डिफॉल्ट’वर आणा. या सेटिंगमुळे रॅम ठरलेल्या मूळ वेगापेक्षा जास्त वेगाने पळते आणि एखाद्या मशीनला ते झेपत नाही. डिफॉल्टवर आणल्यावर चुका गेल्या तर पैसे न खर्चताच काम झाले.

तरीही चुका दिसत असतील तर एक एक पट्टी वेगळी करा. समजा दोन पट्ट्या आहेत. त्यांच्यावर मार्करने ‘अ’ आणि ‘ब’ लिहा. फक्त ‘अ’ लावून टेस्ट चालवा. मग त्याच स्लॉटमध्ये फक्त ‘ब’ लावून चालवा. निकाल असा वाचावा :

- ‘अ’ चांगली, ‘ब’मध्ये चूक : ‘ब’ दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पुन्हा बघा. तिथेही चूक आली तर ‘ब’ खराब.
- एका स्लॉटमध्ये दोन्ही पट्ट्या चुकतात, दुसऱ्यात दोन्ही पास : दोष स्लॉटचा. तो स्लॉट रिकामा ठेवून काम चालू शकते, पण मदरबोर्डवर लक्ष ठेवा.
- दोन्ही एकेकट्या पास, एकत्र लावल्या की चूक : पट्ट्यांची जोडी जुळत नाही. वेगळ्या कंपनीच्या, वेगळ्या वेगाच्या पट्ट्या एकत्र लावल्यावर हे होते.
- सगळ्या पट्ट्या, सगळ्या स्लॉटमध्ये चूक : रॅमऐवजी एसएमपीएस, मदरबोर्ड किंवा प्रोसेसरवर संशय घ्या. शक्य असेल तर ती पट्टी दुसऱ्या चांगल्या कॉम्प्युटरवर तपासा.

एका वेळी एकच बदल करा, हा इथला मंत्र. पट्टीही बदलली, सेटिंगही बदलले आणि एसएमपीएसही बदलला तर त्रास थांबेल कदाचित, पण कशामुळे थांबला ते कळणार नाही आणि बिल तिन्हीचे येईल.

नवी रॅम घेताना

विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम लागते आणि कामासाठी त्याहून जास्त असलेली बरी. त्यामुळे अनेक ठिकाणी जुन्या मशीनमध्ये एक पट्टी वाढवून काम भागवले जाते. नेमके त्याच काळात, २०२५ च्या अखेरीपासून, जगभर मेमरीचे भाव चढले. एआयच्या डेटा सेंटरकडून आलेली प्रचंड मागणी हे त्याचे मोठे कारण. भाव चढले की जुनी, काढलेली रॅम ‘नवीसारखी’ म्हणून विकली जाण्याचा मोह वाढतो. म्हणून घेताना डोळे उघडे ठेवा.

प्रकार जुळवा. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ एकमेकांच्या जागी चालत नाहीत, त्यांची खाचही वेगळ्या ठिकाणी असते. डीडीआर-३ मध्येही १.५ व्होल्टची साधी आणि १.३५ व्होल्टची ‘एल’ अशा दोन जाती आहेत. काही लॅपटॉपना ‘एल’च लागते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, डेस्कटॉपची लांब. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्या किंवा तिच्या लेबलचा फोटो न्या.

दोन पट्ट्या घ्यायच्या तर एकाच पाकिटातली जोडी घ्या. पक्के बिल घ्या. अनेक नामांकित कंपन्या रॅमवर बऱ्याच वर्षांची वॉरंटी देतात, पण बिल आणि लेबल शाबूत असेल तरच. हेच जुन्या पट्टीलाही लागू आहे. फेकण्याआधी वॉरंटी शिल्लक आहे का ते बघा. आणि नवी पट्टी बसवल्यावर तीच रात्रभराची टेस्ट पुन्हा लावा. नवी म्हणजे चांगलीच, असे नसते. दुकानदाराने बदलून देण्याची मुदत संपण्याआधी हे केलेले बरे.

दुरुस्तीनंतरचे काम विसरू नका

रॅम बदलली, टेस्ट पास झाली, म्हणजे अर्धेच काम झाले. खराब रॅमवर मशीन किती दिवस चालले, त्या दिवसांतल्या नोंदी आता तपासायच्या.

- हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधली शिल्लक बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा.
- विक्रीच्या नोंदी जीएसटी पोर्टलवरच्या आकड्यांशी आणि छापील बिलांशी जुळवा.
- ड्रॉइंगच्या फाइल आणि मशीनचे प्रोग्रॅम उघडून बघा. शंका असेल तर कस्टमरकडून मूळ फाइल पुन्हा मागवा. मापात चूक असेल तर अख्खा लॉट रिजेक्ट होतो.
- आता डिस्कची तपासणी आणि विंडोजच्या सिस्टिम फाइलची तपासणी चालवायला हरकत नाही. तरीही विंडोज नीट चालत नसेल तर फॉरमॅट मारा. आता तो टिकेल.

पुन्हा त्रास होऊ नये म्हणून

वेल्डिंग मशीन, कंप्रेसर आणि ऑफिसचा कॉम्प्युटर एकाच लाइनवर ठेवू नका. मोठी मोटर चालू होताना येणारा झटका कॉम्प्युटरलाही बसतो. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर ते अर्थिंग खराब असल्याचे लक्षण आहे आणि ते माणसालाही धोक्याचे आहे. चांगला यूपीएस लावा. पाऊस संपल्यावर आणि उन्हाळ्याआधी, असे वर्षातून दोनदा कॅबिनेट उघडून साफ करा. कॉम्प्युटर जमिनीवर न ठेवता टेबलावर ठेवा.

एक गोष्ट मात्र वेगळी. सीएनसी आणि व्हीएमसी मशीनच्या कंट्रोलरमध्येही मेमरी असते, पण वर सांगितलेले उपाय तिथे करू नका. त्यातले पॅरामीटर अनेकदा छोट्या बॅटरीवर टिकून असतात. बॅटरी संपली किंवा मशीन बंद असताना काढली तर ते पुसले जाऊ शकतात आणि मशीन उभे राहते. बॅटरीची सूचना स्क्रीनवर आली की मॅन्युअल बघा आणि सर्व्हिस इंजिनिअरलाच बोलवा. पॅरामीटरची प्रत मात्र आजच काढून ठेवा.

खराब ठरलेली पट्टी ड्रॉवरमध्ये ठेवू नका. सहा महिन्यांनी कोणीतरी ती ‘स्पेअर आहे’ म्हणून दुसऱ्या मशीनला लावते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. वॉरंटी नसेल तर तिच्यावर मार्करने फुली मारा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्या.

कॉम्प्युटर पुढच्या वेळी निळी स्क्रीन दाखवेल तेव्हा क्रम एवढाच ठेवा : फोटो काढा, डेटाची वेगळी प्रत ठेवा, पट्टी काढून पुसून बसवा, रात्री टेस्ट लावा. सकाळी शून्य दिसले तर दुसरीकडे शोधा. एकही लाल ओळ दिसली, तर फॉरमॅटचे आणि नव्या मदरबोर्डचे पैसे आधी खिशातच राहू द्या.